ढब्बू दारातूनच भुंकतो

खुर्चीवर ओला टॉवेल. दारात तोंड न लावलेला दुधाचा वाडगा. उशीवर नवऱ्याचा सुजलेला पाय.

नाग चावूनही वाचलेला नवरा दवाखान्यातून घरी आल्यापासून ढब्बू कुत्रा खोलीत पाऊल टाकत नव्हता. एक पंजा उचलून पलंगाकडे भुंकत राहायचा. असा तो फक्त साप दिसला की भुंकतो.

"अगं, बांध त्याला बाहेर. डोळ्याला डोळा लागू देत नाही."

"माझा तरी कुठे लागलाय? साप मेला, हे आता याला लिहून द्यायचं का?"

तिने ढब्बूला अंगणात बांधलं, दाराला कडी घातली आणि नवऱ्याशेजारी अंग टाकलं. बाहेर साखळी ताणल्याचा आवाज येत राहिला.

चावण्याआधी नाग बाथरूममध्ये होता, आणि ढब्बू तेव्हाही असाच एक पंजा उचलून, पलंगावर झोपलेल्या नवऱ्याकडे बघून भुंकत होता.