धीराचं काम

नवऱ्याने परसात बार्बेक्यूची नवी शेगडी मांडली होती, आणि चार व्हिडिओ बघून मांसाला धूर देण्याच्या विद्येतला तो आचार्य झाला होता. सकाळपासून खुर्ची टाकून शेगडीला पहारा देत बसला होता. कुंपणावरून शेजारी डोकावला मात्र, लगेच प्रवचन सुरू झालं.

"निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला. आच मंद ठेवायची आणि धूर अगदी पातळ. पण याला असं टाकून जाता येत नाही बरं का! दर तासाला पाणी शिंपडायचं, नाहीतर कोरडं पडतं. दर दोन तासांनी बाजू बदलायची, नाहीतर एकीकडूनच करपतं. जीव लावून करावं लागतं हो!"

"तुमच्या धीराला मानलं," शेजारी म्हणाला.

खिडकीच्या आत बायकोने नाक मुरडलं. ती सासूबाईंना एकटीच कुशीवर वळवत होती. आठ महिने त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि आईला वळवायला हाक मारली की याच शूरवीराची कंबर धरायची. पाठीला पावडर लावून झाल्यावर तिने ओल्या कापसाने त्यांचे सुकलेले ओठ भिजवले.

त्याबरोबर सासूबाईंना बोलायला बळ आलं. त्यांनीही बाहेरचं सगळं ऐकलं होतं.

"सूनबाई, मलाही उचलून त्या जाळीवर ठेव गं," त्या म्हणाल्या. "दर दोन तासांनी येऊन बघेल तरी मेला."