शहाण्या काजूचं इंजेक्शन

"डॉक्टर, आमचा काजू फारच शहाणा आहे हो. टीव्हीवरच्या कार्टूनमधला तो वेडा कुत्रा भोंबल्या कसा दिवसभर दारावर आपटतो! हा रोज आमच्याबरोबर बसून बघतो, पण शिकत काही नाही," भोसेकरबाई म्हणाल्या.

कुत्र्यांची बुद्धी मंद करायचं इंजेक्शन निघाल्यापासून डॉ. विभावरीकडे असलीच गिऱ्हाइकं. तिला शिसारी आली. तरी तिने सुई भरली.

काजूने सुईकडे पाहिलं, मग बाईंकडे. टेबलावरून उडी मारून तो धावला आणि त्याने बंद दारावर डोकं आपटलं.

बाई खदखदून हसल्या. "अगंबाई! आपोआपच जमलं की! परत आपट बघू!"

काजूने परत आपटलं. मग वळून विभावरीच्या हाताकडे पाहिलं, सुई अजून तिथे आहे का ते.