शामरावांच्या चुका

तांबडा दिवा पुन्हा पेटला आणि छपाईचं यंत्र चौथ्यांदा थांबलं.

शशिकांतने बोर्ड बाहेर ओढला. भोकं पाडलेल्या हजेरीच्या कार्डावरचं कोणतं भोक वाचायचं आणि कागदावर कुठे काय छापायचं, हे त्या बोर्डावरच्या वायरी यंत्राला सांगत. परळच्या त्या गिरणीच्या ऑफिसात ही जोडणी दोघांनाच येई. एक शशिकांत, दुसरे त्याला ती शिकवणारे शामराव. आजची जोडणी शामरावांची होती. सकाळपासून तिच्यात तीन चुका निघाल्या होत्या.

"हजेरीची यादी चारपर्यंत हवी," मॅनेजर दारातून म्हणाला होता. "नाहीतर शामराव, उद्यापासून घरी बसा."

शामरावांनी खाली मान घालून ऐकलं होतं.

"राहू दे रे शशी," ते आता म्हणाले. "जा, चहा पिऊन ये."

म्हातारा खचला, शशिकांतला वाटलं. या माणसाने आपल्याला हाताला धरून शिकवलं, त्याला असं जाऊ द्यायचं? तो हटेना. एकेक वायर बोटांनी चाचपत गेला. साडेतीनला सापडलं. वायरींच्या जुडग्याखाली दोन टोकं एकमेकांच्या जागी बसली होती. त्याने ती बदलली आणि खटका दाबला.

यंत्र धडधडत सुरू झालं, ते शेवटचं कार्ड गिळूनच थांबलं. मॅनेजरने येऊन कागद फाडून घेतला. "शाबास," म्हणाला आणि गेला.

शशिकांत हसत मागे वळला. शामराव खुर्चीत बसले होते.

"मी मुद्दाम केल्या होत्या त्या चुका," ते हळू म्हणाले. "संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळाला जे कामावर आले नाहीत, त्यांची यादी आहे ती. उद्या त्यांना गेटातून आत घेणार नाहीत. हाताने काढायची तर आठवडा गेला असता. तोवर युनियनने काहीतरी केलं असतं."

"मला सांगायचं तरी, शामराव."

"सांगितलं असतं, तर तुझीही नोकरी गेली असती. न सांगता एकट्या माझ्यावर निभावलं असतं."

शशिकांत धावत मॅनेजरच्या खोलीपाशी गेला. दार आतून बंद होतं. मॅनेजर टेलिफोनवर गेटवाल्याला नावं वाचून दाखवत होता. साचेखात्यातल्या विणकरांची नावं नुकतीच सुरू झाली होती. तिसरं नाव रघूचं होतं, शशिकांतच्या थोरल्या भावाचं.