उजवी काडी

"बाबा, चष्मे मोडायची स्पर्धा असती ना, तर कप आपल्याच घरी आला असता," मुलगा म्हणाला आणि रुमालात गुंडाळलेला चष्मा त्याने काउंटरवर ठेवला.

वडील हसले नाहीत. "मीच मोडला. वेंधळा आहे मी."

चष्मेवालीने रुमाल उलगडला. पुन्हा उजवीच काडी, पुन्हा बिजागरीपाशीच. काचांवर ओरखडासुद्धा नव्हता. ही तिसरी खेप. मागच्या दोन्ही वेळी तिने त्याच काचा नव्या फ्रेममध्ये बसवून दिल्या होत्या.

"डोळे तपासायचे ना?" म्हाताऱ्यांनी विचारले. मागेही त्यांनी हेच विचारले होते.

"कशाला, बाबा? नंबर आहे ताईंकडे." मुलगा तिच्याकडे वळला. "या वेळी अशी फ्रेम द्या, की हत्तीनं पाय दिला तरी मोडायला नको. आणि आजच हवी हं, ताई."

तिने रबरासारखी वाकणारी एक फ्रेम काढली आणि म्हाताऱ्यांच्या कानापाशी हात नेला. त्यांनी गच्च डोळे मिटले. तोल सावरायला काउंटर धरला, तशा बाह्या मागे सरकल्या. दोन्ही मनगटांवर काळसर वळ होते.

"हे काय झालं, आजोबा?"

"घड्याळाचा पट्टा. घट्ट बांधतात," मुलगा लगेच म्हणाला.

दोन्ही हातांना?

पण त्याच वेळी मुलाने वडिलांच्या ओठांचा कोपरा रुमालाने अलगद टिपला, सदऱ्याचे सुटलेले बटण लावले. इतक्या हळुवार बोटांवर संशय घ्यायचा तरी कसा? शिवाय थपडेने वाकलेल्या फ्रेम तिने पाहिल्या होत्या. त्या वेड्यावाकड्या होतात, काच तडकते. ही काडी मात्र कोणीतरी सावकाश, विचार करून मोडल्यासारखी होती. तिच्या मनात धुके दाटले. वळ एक सांगत होते, काडी दुसरेच. आपण सुतावरून स्वर्ग तर गाठत नाही ना? आणि गाठत नसू, तर या माणसाला पुन्हा त्याच घरी धाडायचे?

"नंबर बदललेला दिसतोय," ती खोटे बोलली. "तपासावा लागेल."

मुलगाही वडिलांबरोबर निघाला.

"आत एकाचीच जागा आहे, दादा. दार उघडं राहिलं तर उजेड येतो, तपासणी फुकट जाते."

"बरं, पण लवकर आटपा," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजातला मऊपणा किंचित उसवला.

तिने दार लावले. अंधारात समोरची अक्षरे तेवढी उजळून उभी राहिली, दूरच्या गावातल्या खिडक्यांसारखी. म्हातारे त्यांच्याकडे पाहतच नव्हते.

ती खाली वाकली. "आजोबा, खरं सांगा. मुलानं मोडला ना चष्मा?"

"छे. चष्म्याला तो कधी हातही लावत नाही. उलट, जिवापाड जपतो. मीच मोडतो म्हणून सांगतोय ना मघापासून!"

त्या आवाजात लपवाछपवीचा लवलेशही नव्हता. तिला हायसे वाटले आणि त्याहून अधिक ओशाळल्यासारखे. एका भल्या मुलाला ती मनातल्या मनात काय काय ठरवून बसली होती! वळांचे कोडे उरत होते. पण म्हातारपणी कातडी काय, कशानेही काळवंडते.

"माफ करा, आजोबा. चला, ही फ्रेम घेऊन जा. आता कितीही जोर लावलात तरी मोडणार नाही."

म्हाताऱ्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"ती नको देऊस, पोरी. जेवणापुरते तो माझे बांधलेले हात सोडतो, तेवढ्यातच मोडावा लागतो. चष्म्याशिवाय मला घराच्या कागदांवर सही करता येत नाही, म्हणून तर तो मला इथं आणतो. दोनदा तू दार न लावताच परत पाठवलंस. आज लावलं आहेस, तर आधी पोलिसांना फोन कर."