नीट धरा, आक्का

मालू पुन्हा पडली. कल्याणीचा हात खांद्याला नीट लागलाही नव्हता, तोवर ही आपणच कलंडली आणि पोत्यांवर पाठ टेकून छपराच्या पत्र्याकडे बघत राहिली. तंबाखूच्या वखारीतून मागून आणलेली पोती ती. धूळ उडाली, चार-दोन पोरी शिंकल्या.

"शाब्बास कल्याणी!" डाव शिकवणाऱ्या विनोदिनीबाई म्हणाल्या. "मालू, अगं अंगात जीव आहे की नाही तुझ्या?"

जीव! दोन घागरी डोक्यावर आणि एक काखेत घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढणारी पोरगी ती. पण निघताना आईनं बजावलं होतं, मालकाच्या लेकीला पाडलंस तर याद राख. मालू आणि तिची आई रुक्माबाई, दोघी निपाणीतल्या वकिलांच्या घरी राबायच्या. लढाईचे दिवस होते. पोरींनी आपलं रक्षण आपण करायला शिकावं, असं पेपरात छापून यायचं आणि वकील ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवायचे. मग त्यांची कल्याणी जुजुत्सू, म्हणजे ती जपानी कुस्ती, शिकायला निघाली. लग्नाची मुलगी एकटी कशी धाडायची, म्हणून मालूला सोबत दिली. जोडीला कुणी उरलं नाही, तेव्हा बाईंनी मालूलाच तिच्यासमोर उभं केलं.

डाव आळीपाळीनं करायचा, असं बाई रोज घसा कोरडा करून सांगायच्या. पण मालूची बारी आली की कल्याणी म्हणायची, "थांब गं, मला अजून नीट जमलं नाही." की झालं! मालू पुन्हा पडायला हजर. सगळ्या वर्गात कल्याणी हुशार ठरली होती, आणि मालू रोज दात-ओठ खात तिच्या मागून घरी जायची. कारण शिकायची खरी गरज कुणाला होती, ते मालूच जाणत होती. परवाच कोठीच्या खोलीत तिच्या बांगड्या फुटल्या होत्या. धुणं आपटताना फुटल्या म्हणून सांग, असं आई म्हणाली. काम गेलं तर खायचं काय, असंही म्हणाली.

आजचा डाव नेमका तोच निघाला. कुणी उरावर बसून हात दाबून धरले, तर सुटायचं कसं.

कल्याणी लगेच खाली आडवी झाली. मालू तिच्यावर बसली ती फुलासारखी अलगद, आणि पहिल्याच धक्क्याला बाजूला लोळली. असं चार वेळा झालं. मग बाईंनाच राग आला.

"पुरे. आता मालू खाली."

"पण बाई, मला अजून..."

"खाली म्हटलं ना मी!"

मालू आडवी झाली. कल्याणी कंटाळत वर बसली आणि तिची मनगटं दोन बोटांत धरली, ओला पदर चिमटीत धरावा तशी.

"आक्का, नीट धरा."

"धरलंय की."

"असं न्हाय. जोर लावून धरा. मला शिकायचंय."

कल्याणीला हसू फुटलं. "तुला गं कशाला शिकायचंय? तुला कोण धरायला येतंय?"

"तुमचा आनंदअण्णा," मालू म्हणाली.

थोरल्या भावाचं नाव ऐकलं आणि कल्याणीचं हसू गेलं. पण नवल काही तिच्या चेहऱ्यावर आलं नाही. मालू बघत राहिली. परवा कोठीच्या दाराशी पावलं वाजली होती, क्षणभर थांबली होती आणि आल्या वाटेनं मागं फिरली होती. ती कुणाची, ते मालूला आत्ता कळलं. अगं सटवे! तुला ठाऊक होतं तर!

"हळू बोल," कल्याणी दातांत म्हणाली. "पोरी ऐकतायत."

"ऐकू द्या की! त्या दिवशी तुमी बी ऐकलासा न्हवं? आन् मागं फिरलासा!"

"गप! गप म्हणते ना!" कल्याणीनं मालूचं तोंडच दाबलं. आता कुठं तिच्या हाताला जोर आला. नखं गालात रुतली, सारा भार छातीवर आला, आणि मालूचा श्वास कोंडला.

मालूनं तो तोंडावरचा हात मनगटाशी घट्ट पकडून छातीशी ओढला. त्याच बाजूचा कल्याणीचा पाय आपल्या पायानं अडवला. टाचा रोवल्या आणि इतक्या दिवसांची सगळी चीड कंबरेत आणून अंग असं उसळवलं की वकिलांची लेक पालथी-उताणी होत पोत्यांवर आपटली. मालू तिच्यावर होती. तिची मनगटं तिनं डोक्याच्या दोन्ही बाजूंना दाबली, आणि दोन बोटांत नव्हे.

"वा!" बाई ओरडल्या. "अगं, जमलं की तुला!"

मालूनं तिकडं पाहिलंही नाही. खाली कल्याणी धडपडली, कूस बदलायला गेली, कुठंच काही हलेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं कसाबसा एक पंजा वळवला आणि पोत्यावर पट् पट् आपटला. पंजा आपटला की तत्क्षणी सोडायचं, हा बाईंचा पक्का नियम.

मालूनं सोडलं. उठून पदर कंबरेला खोचला. सगळ्या पोरी आपापले डाव टाकून बघत होत्या. बघू देत.

"हितं हात आपटला की सोडत्यात, आक्का," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "तुमच्या घरात कुठं आपटू?"