माग काढायचा खेळ

"अगं, खुर्च्या संपल्या!" चष्मिष धापा टाकत व्यासपीठापाशी आला. "सतरंज्या काढू का?"

मास्तरीण माईक तपासत होती. तिनं मान वर केली आणि बघतच राहिली. वाचनालयाच्या दालनात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मागच्या शनिवारी इथे जेमतेम चार टाळकी होती, त्यातलं एक पंख्याखाली झोपायला आलेलं.

ती काही खरी मास्तरीण नव्हे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि भेटेल त्याची चूक काढायची खोड असल्यामुळे मित्रांनी ते नाव ठेवलं होतं. खोट्या बातम्या कशा ओळखायच्या, हे लोकांना शिकवायची कार्यशाळा तिनं आणि चष्मिषनं मोठ्या हौसेनं काढली होती. वाचनालयाचे कार्यवाह मात्र वैतागले होते. "आज निम्मं दालन तरी भरवा," त्यांनी बजावलं होतं, "नाहीतर पुढच्या आठवड्यापासून इथे शिवणवर्ग."

आता तेच कार्यवाह दारात उभं राहून "सरका, पुढे सरका" करत होते.

पहिल्या रांगेत बाबा बसले होते. ऐन गर्दीच्या वेळी, आपलं सलून बंद ठेवून! अंगात इस्त्रीचा शर्ट, मांडीवर घडी घातलेली पिशवी. तिला अगदी भरून आलं. आठवडाभर ती सरावासाठी बनवलेले खोटे मेसेज त्यांना पाठवत होती, पण त्यांनी एकालाही उत्तर दिलं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही, असं म्हणून तिनं नाद सोडला होता.

कार्यशाळा अशी रंगली की विचारू नका. भर चौकात मगर आल्याचा फोटो पडद्यावर येताच नर्सबाई उभ्याच राहिल्या. "सावली बघा! माणसांची इकडे, मगरीची तिकडे!" टाळ्यांनी दालन दणाणलं. कार्यवाहसुद्धा दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायच्या बेतात होते.

"आता शेवटचा खेळ," मास्तरीण म्हणाली. "माग काढायचा. या आठवड्यात आलेला एखादा मेसेज वाचा. ज्यानं पाठवला तो इथे असेल, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवा. मग त्यानं पुढच्याच्या. बघू मूळ कुठे सापडतं ते!"

निवृत्त पोस्टमनकाका मागून उठले. "माझा खरा आहे, पण वाचतो. 'शनिवारी वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाला मिक्सर फुकट.'"

"मिक्सर? आम्ही तर असं काहीच ठेवलेलं नाही!" मास्तरीण म्हणाली.

"म्हणजे मिक्सर नाहीये?" कुणीतरी विचारलं.

आणि जो काही गलका झाला! निम्म्या लोकांनी पिशव्या उगारल्या. मास्तरणीचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणजे ही सगळी गर्दी मिक्सरसाठी! पण दुसऱ्याच क्षणी तिचे डोळे चमकले. यापेक्षा झकास उदाहरण शोधून सापडलं नसतं.

"माझ्या वाचनालयाच्या नावावर लबाडी?" कार्यवाह कडाडले. "सापडू दे तो! कुणी का असेना, त्याला हे दार कायमचं बंद!"

"कायमचं!" मास्तरीण माईकवरून ओरडली. "काका, कुणी पाठवला?"

पोस्टमनकाकांनी नर्सबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"पण मी मिक्सर नव्हतं म्हटलं हो! कुकर म्हटलं होतं," म्हणत नर्सबाईंनी बेकरीवाल्याचा खांदा गाठला.

"कुकर? मी तर डबा लिहिला होता!" बेकरीवाला चक्रावला.

एव्हाना दालनभर हात खांद्यांवर पडत होते आणि सगळा ओघ पुढच्या रांगांकडे येत होता. लोक खुर्च्यांवर चढून बघत होते. "पुढे! पुढे!" चष्मिष नाचत होता. मास्तरणीला तर वाटत होतं, आजचा दिवस संपूच नये.

बेकरीवाल्यानं दोन खुर्च्या ओलांडल्या आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा?" माईकमधून जेमतेम आवाज निघाला. "तुम्ही?"

"हो. दाढीला येईल त्याला पाठवला," बाबा निवांतपणे म्हणाले. "पण डबा कसला, नुसता चमचा होता की त्यात."

दालन खो-खो हसलं. कार्यवाह हसले नाहीत. "तुम्हाला कुणी पाठवला ते बोला."

"बाबा, मी इतकं सांगते, तरी तुम्ही कुणाचंही खरं मानता?"

"कुणाचंही? छे! मी जगात एकाच माणसाचं डोळे मिटून खरं मानतो."

बाबा उठले, पिशवी खुर्चीवर ठेवून व्यासपीठाच्या पायऱ्या चढले आणि त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.