अकरावा बार

बाबल गवस पुढे डोंगर चढत होता आणि चढता चढता जमिनीच्या हद्दी दाखवत होता, पण मागून येणाऱ्या सातार्डेकरांचं तिकडे लक्षच नव्हतं. कालच खरेदीखत झालं होतं. एवढ्या रानाचं करणार काय, असं बाबलने विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "काहीच नाही. कुणाला खणू द्यायचं नाही, बस."

खाली ओस पडलेल्या खाणीच्या चाळी दिसत होत्या. तीस वर्षांपूर्वी ह्याच उतारावर सातार्डेकरांनी अकरा सुरुंग ठासले होते. बार मात्र त्यांनी दहाच मोजले. उद्या साहेबांना सांगू, असं म्हणून न उडालेल्या सुरुंगावर त्यांनी लाल रंग फासलेला धोंडा ठेवला. सकाळी खाणीला कुलूप लागलं होतं. पुढे कुणाला सांगायची छाती झाली नाही आणि धड झोपही लागली नाही.

ऐनाच्या दाट झाडीत बाबल थांबला. समोर तोच धोंडा होता. आता त्यावर शेंदूर होता आणि भोवती करवंट्यांचा खच.

"आमचो राखणदार," बाबल हात जोडून म्हणाला. "जागृत आसा. हेच्या भयान हंय कोणी कुऱ्हाड चालवूक नाय, म्हणून रान रवला."

सातार्डेकर दहा पावलांवरच थबकले. "नारळ... ह्याच्यावरच फोडता?"

"दरवर्षी. जोरात आपटून." बाबलने पिशवीतला नारळ काढून त्यांच्या हातात दिला. "जमीन तुमची झाली, आता मान तुमचो."